खुर्चीतले नाना

भुसावळात उन्हबंदी लागू होऊन तीन उन्हाळे झाले होते. सकाळी अकराला नगरपालिकेचा भोंगा वाजला की दुकानांची शटर्स खाली यायची आणि रस्ते ओस पडायचे. संध्याकाळी पाचला दुसरा भोंगा होईपर्यंत बाहेर दिसायची ती फक्त कुत्री, तीही उभ्या गाड्यांच्या खाली. लोकांनी याची सवय करून घेतली होती. चारुशीला नेहेतेला तर ती करावीही लागली नाही, कारण तिची नोकरीच घरातली होती.

ती एका आरोग्यविमा कंपनीची व्हिडिओ-प्रतिनिधी होती. ज्यांचे दावे नामंजूर झाले अशी माणसं तिच्या स्क्रीनवर यायची, चिडायची, रडायची, आणि ती त्यांना नियम समजावून सांगायची. नवरा, योगराज, मस्कतला समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात होता. घरात ती आणि सासरे, नाना.

नानांनी फैजपूरला चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला होता. गेल्या दिवाळीपासून ते विसरू लागले होते. आधी नावं, मग जेवण झालं की नाही ते, मग घर कुठलं ते. हाताची सवय मात्र गेली नव्हती. कॅमेऱ्यासमोर बसलेलं माणूस दिसलं की त्यांना राहवत नसे. चारुशीला कामाला बसली की ते मागून यायचे, तिचा वर चढलेला डावा खांदा दाबून खाली करायचे आणि म्हणायचे, "खांदा पाड. हां. आता बघ इकडे."

सुपरवायझरचा फोन आला तो यावरूनच.

"चारुशीला, काल ग्राहकाला तुमच्यामागे एक आजोबा दिसले."

"सासरे आहेत माझे. विसरतात ते हल्ली."

"ते कळलं हो. पण ग्राहक विचारतो, ही विमा कंपनी आहे की लग्नाचा हॉल? तुम्ही 'अंगण' लावून घ्या. उद्या नऊच्या आत."

'अंगण' हे त्या वर्षी सगळीकडे शिरलेलं सॉफ्टवेअर. त्याआधीची बॅकग्राउंड म्हणजे माणसाची कडा कापून मागे चिकटवलेलं चित्र असे. समुद्रकिनारा, पुस्तकांची कपाटं. केस हलले की कडा फाटायची आणि खोटेपणा उघडा पडायचा. शिवाय कंपन्यांच्या लक्षात आलं होतं की किनाऱ्यावर बसलेल्या माणसावर लोक विश्वास ठेवत नाहीत, नांदत्या घरात बसलेल्यावर ठेवतात. 'अंगण' तुमचंच घर दाखवायचं, फक्त नीटनेटकं केलेलं. एकदा तासभर तुमची खोली पाहून ते तिचा त्रिमित आराखडा मनात ठेवायचं. काय स्थिर आहे, काय हलतं, आणि जे हलतं ते कुठल्या लयीत हलतं, हे शिकून घ्यायचं. पडद्याची झुळूक, पंखा, घड्याळाचा लंबक. पुढे प्रत्येक कॉलला कॅमेऱ्यातून फक्त समोरचं माणूस आणि त्याला चिकटलेली वस्तू, म्हणजे हातातला कप वगैरे, तेवढंच खरं जायचं. मागची खोली आठवणीतून नव्याने रचली जायची, घड्याळात वाजले असतील तसा उजेड पाडून. ज्याची नोंद नाही ते सगळं कचरा. मागून जाणारी मांजर, कुकरची शिट्टी, हाक, सगळं गाळलं जायचं. पाठवायचं कमी, म्हणून खर्चही कमी. त्यामुळे शाळांनी, कोर्टांनी, दवाखान्यांनी सगळ्यांनी ते घेतलं.

खोली शिकवायची ती सकाळ जानेवारीतली होती. 'खोलीत कोणी नसावे' अशी सूचना स्क्रीनवर आली तेव्हा नाना खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत जपाला बसले होते. पांढरा सदरा, वर तपकिरी स्वेटर, डोळे मिटलेले, हातात माळ. नेहेत्यांच्या घरात जपाला बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही, हा दंडक होता. "घरात चोर शिरला तरी माळ पुरी झाल्यावर सांगायचं," अशी तिच्या सासूबाई थट्टा करायच्या, पण पाळायच्या त्याही. चारुशीलाने घड्याळ पाहिलं. आठ वाजले होते. नाना तासभर उठणार नव्हते आणि सुपरवायझर नऊच्या पुढे थांबणार नव्हती. हलत तर नाहीत, असा विचार करून तिने बटण दाबलं.

'अंगण' खुर्ची शिकलं, खिडकी शिकलं, पडदा शिकलं. आणि एका लयीत पुढे सरकणारा एक अंगठा शिकलं.

पहिल्या कॉलपासून नाना तिच्या मागे दिसू लागले. ते रोज सकाळी त्याच खुर्चीत बसत, म्हणून तिला त्यात वावगं वाटलं नाही. फिरती माणसं काढतं, बसलेली ठेवतं, असा तिने आपला समज करून घेतला. महिन्याभरात कंपनीचा निरोप आला की तिच्या घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीमुळे ग्राहकांचा विश्वास वाढल्याचं दिसतं.

"नाना, पगार तुम्हालाच द्यायला पाहिजे," ती त्यांना म्हणाली.

"मग दे ना. रीळ आणायचेत."

तिला आणखी एक सोय झाली. नानांनी दोनदा कडी काढून बाहेर जायचा प्रयत्न केला होता, त्यामुळे त्यांच्यावर लक्ष ठेवणं भाग होतं. आता मान वळवावी लागत नसे. स्क्रीनच्या कोपऱ्यात तिची स्वतःची छोटी चौकट असे आणि त्या चौकटीत, तिच्या खांद्यामागे, नाना. तेवढं पाहिलं की जीव भांड्यात पडायचा. संध्याकाळी योगराज त्याच लॅपटॉपवर यायचा आणि म्हणायचा, "नाना मस्त दिसतायत गं. चेहऱ्यावर तेज आलंय."

"हो ना," ती म्हणायची. तीही तिथेच पाहत असायची.

*

मे महिन्यातल्या त्या सकाळी पाण्याचा जारवाला येऊन गेला. तो गेल्यावर कडी लावायची राहिली, कारण कॉल वाजत होता. अकोटची एक बाई होती. नवऱ्याच्या ऑपरेशनचा दावा फेटाळला गेला होता. ती रडता रडता कागद कॅमेऱ्यापुढे धरत होती आणि चारुशीला हेडफोन कानावर घट्ट दाबून तिचं बोलणं पकडू पाहत होती. त्यानंतर आणखी एक कॉल, मग आणखी एक. मध्येच कधीतरी अकराचा भोंगा झाला असणार. हेडफोनने तो गाळून टाकला.

एक वाजता तिने हेडफोन काढले.

"नाना, वाढते हं. भरीत केलंय."

चौकटीत नाना माळ ओढत होते. ती स्वयंपाकघरात गेली, ताट वाढलं, कळण्याची भाकरी चुरून त्यावर तेल घातलं आणि ताट घेऊन बाहेर आली.

खुर्ची रिकामी होती.

तिने आतल्या खोलीत पाहिलं, मोरीत पाहिलं, गॅलरीत पाहिलं. दार नुसतं लोटलेलं होतं. धावत परत येताना तिची नजर लॅपटॉपवर गेली आणि ती जागच्या जागी थांबली.

स्क्रीनवर नाना बसलेले होते.

ती खुर्चीपाशी गेली. हात पुढे करून वेताच्या बैठकीवर टेकवला. बैठक गार होती. तिने मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं. तिथे तिचा हात मनगटापर्यंत नानांच्या मांडीत रुतला होता आणि नाना डोळे मिटून पुढचा मणी ओढत होते.

*

उन्हबंदीच्या गस्तीवरचे हवालदार सपकाळे थंडगार गाडीतून आले. साठीला टेकलेला, शांत माणूस. त्यांनी आधी पाणी मागितलं, मग कंपनीकडे जतन झालेलं सकाळचं रेकॉर्डिंग दाखवायला सांगितलं.

"हे बघा ताई, पावणेएकला बसलेत. बारा पन्नासला बसलेत. एकला पाच कमी, बसलेत. म्हणजे गेले ते तुम्ही ताट वाढत होता तेव्हा. दहा-पंधरा मिनिटांत म्हातारं माणूस कुठवर जाणार? याच गल्ल्यांत असतील."

"ते खरे नाहीत," ती म्हणाली.

"कोण?"

"खुर्चीतले. ते चित्र आहे. आत्ता बघा, आत्ताही बसलेत."

सपकाळेंनी स्क्रीन पाहिली, खुर्ची पाहिली, पुन्हा स्क्रीन पाहिली. त्यांचा हात नकळत टोपीकडे गेला. "आयला," ते हळूच म्हणाले. मग सावरून, "मग गेले कधी?"

"माहीत नाही."

तिने मस्कतला फोन लावून योगराजला स्पीकरवर घेतलं होतं. "चारू, असं कसं माहीत नाही? तू तिथे होतीस. आणि काल संध्याकाळी मी स्वतः पाहिलंय त्यांना, बसले होते. घाबरून काहीतरी बोलू नकोस. साहेब, जवळच असतील ते, तुम्ही गल्ल्या बघा."

"वर्णन द्या," सपकाळे म्हणाले. "सगळ्या गाड्यांना कळवतो."

"उंच, सडपातळ. केस पांढरे. पांढरा सदरा, त्यावर तपकिरी स्वेटर..."

सपकाळेंनी बोलता बोलता वायरलेसवर सांगूनही टाकलं आणि मग थांबले. बाहेर सत्तेचाळीस अंश तापमान होतं.

"ताई, एवढ्या उन्हात स्वेटर?"

स्वेटर मार्चमध्ये धुऊन ट्रंकेत गेला होता. तो तिने स्वतःच्या हाताने ठेवला होता. मग ती सकाळपासून कोणाला पाहत होती? आणि सकाळपासूनच कशाला? तिने आज नानांना चहा दिला होता. कप ठेवला होता, पाठ फिरवली होती. त्यांनी काय घातलं होतं? दाढी केली होती का? तिने मनावर ताण दिला. पुन्हा पुन्हा स्वेटरच समोर येत राहिला. खरे नाना आठवायला गेलं की स्क्रीनवरचे येऊन बसत होते.

सपकाळेंनी वायरलेसवरचं वर्णन मागे घेतलं. "कंपनीकडे मूळ चित्रण असेल ना?"

तिने फोन करून विचारलं. सुपरवायझर म्हणाली, खरी खोली कुठेच साठवली जात नाही. ती कॅमेऱ्यातून बाहेर पडतच नाही, खाजगीपणासाठी. "पण तुमचे आजोबा तर छान दिसतायत रेकॉर्डिंगमध्ये," तीही म्हणाली.

दोन वाजत आले होते. सपकाळेंची गाडी गल्ल्या फिरून रिकामी परतली. रस्त्यावर चिटपाखरू नाही, म्हणजे पाहणारंही कोणी नाही. घरात बसून दार उघडायची वाट बघणं तिला सहन होईना, म्हणून तिने रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, सुरुवातीपासून, भरभर पुढे सरकवत. हजारो माणसं जिच्यावर विश्वास ठेवायची ती बाई नियम सांगत होती. मागे म्हातारा माळ ओढत होता. पडदा हलत होता. सगळं नेहमीसारखं शांत होतं.

मग अकोटच्या बाईच्या कॉलमध्ये काहीतरी चमकलं. तिने मागे घेतलं आणि सावकाश लावलं.

स्क्रीनवरच्या चारुशीलाच्या डाव्या खांद्यावर हवेतून एक हात आला. मनगटाच्या पुढे हात, मनगटाच्या मागे बाहीची चतकोर पट्टी आणि तिच्यामागे काहीच नाही, फक्त खिडकी. हाताने तिचा खांदा हलकेच खाली दाबला. ती न वळता खांदा झटकून पुढे सरकली. हात क्षणभर तिथेच राहिला, मग बोटांपासून विरत गेला. आणि या सगळ्या वेळात मागे, खुर्चीत, नाना दोन्ही हातांत माळ धरून बसलेले होते.

सपकाळे तिच्यामागे उभे होते. "हा हात कोणाचा?"

"नानांचा." ती म्हणाली. "अंगाला जे टेकतं तेवढं खरं दिसतं. त्यांनी मला हात लावला. जाताना." ते तोंडाने काही म्हणालेही असतील. घरातून निघताना ते नेहमी "येतो गं माय" म्हणायचे. हेडफोनने तेही गाळलं असणार.

"बाही निळी आहे," सपकाळे स्क्रीनला नाक लावून म्हणाले. "चौकड्याची. आणि वेळ बघा. दहा चाळीस."

दहा चाळीस, म्हणजे भोंग्याच्या आधी. रस्ते वाहते होते. गाड्या चालू होत्या.

"उन्हबंदीआधीची शेवटची बस कुठली सुटते हो?" तिने विचारलं, आणि उत्तर यायच्या आधीच तिला कळलं. रीळ आणायचे होते. स्टुडिओ उघडायचा होता. "फैजपूर. साहेब, फैजपूरला फोन लावा!"

कंडक्टरला ते आठवत होते. निळ्या चौकड्यांच्या शर्टातले आजोबा. अकराच्या ठोक्याला ते फैजपूरच्या वाटेवर होते आणि उतरताना म्हणाले होते, गिऱ्हाईक खोळंबलं असेल.

स्टुडिओच्या जागी आता कुलर दुरुस्तीचं दुकान होतं. उन्हबंदीमुळे बंद. नाना त्या शटरला पाठ लावून बसलेले सापडले. सावली सरकत सरकत त्यांच्या पायांवरून केव्हाच निघून गेली होती. अंगात घाम उरला नव्हता.

*

जळगावच्या एका खाजगी रुग्णालयात उष्माघाताचा खास कक्ष होता. चारुशीला पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती. नानांना आत नेलं होतं. बाहेर मोठ्या गार हॉलमध्ये पन्नासेक नातेवाईक खुर्च्यांवर बसले होते आणि प्रत्येकाच्या समोर एक छोटी स्क्रीन होती.

"आत सोडत नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "इथे बघा. पेशंटचा नंबर टाका, चोवीस तास दिसतात. परगावच्या नातेवाइकांनाही लिंक जाते."

तिने नंबर टाकला. स्क्रीनवर नाना आले. स्वच्छ पांढरी खोली, एकच खाट, खिडकीत कोवळा उजेड. नाना शांत झोपलेले. छाती वर होत होती, खाली येत होती. वर, खाली.

योगराजला मस्कतमध्ये लिंक मिळाली होती. त्याने फोन केला तो रडतच. "पाहिलं गं त्यांना. वाचले. किती शांत झोपलेत बघ."

ती बघत होती. वर, खाली. एका लयीत. शेजारच्या बाईच्या स्क्रीनवरही पांढरी खोली होती आणि खिडकीत तोच कोवळा उजेड. बाहेर तर अंधारून येत होतं.

ती काउंटरकडे गेली. "यात मागचं खरं आहे का?"

"मागे गर्दी असते ना हो. नातेवाईक घाबरतात. म्हणून पडदा लावलाय. पेशंट खरा असतो."

"कशावरून?"

मुलगी हसली, मग हसायची थांबली. "अहो मावशी, आम्हीही त्याच स्क्रीनवर बघतो. सिस्टर पण. काही झालं तर दिसेल की."

चारुशीला वळली आणि कक्षाच्या दाराकडे चालू लागली. कोणीतरी ओरडलं. तिने दोन्ही हातांनी दार ढकललं.

आतली गरम, आंबूस हवा आधी तोंडावर आली. लांबलचक खोली, खाटांना खाटा लागलेल्या, मध्ये जमिनीवर गाद्या. बर्फाच्या पिशव्या, ओली चादर, कण्हणं. दोन सिस्टर टोकाच्या टेबलाशी स्क्रीनच्या रांगेवर नजर ठेवून बसल्या होत्या आणि त्या रांगेत सगळे पेशंट झोपलेले होते. ती खाटांमधून धावत सुटली. निळी बाही. भिंतीकडची खाट. नानांची मान कडेवरून खाली लोंबत होती, सलाइनची सुई निघून चादर लाल झाली होती, आणि उलटी घशात अडकल्यामुळे त्यांचे डोळे पांढरे होत होते.

तिने त्यांना कुशीवर वळवलं, तोंडात बोटं घालून घसा मोकळा केला आणि जिवाच्या आकांताने किंचाळली. सिस्टरनी आधी स्क्रीनकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग त्या धावल्या.

बऱ्याच वेळाने नानांचा श्वास परत चालू झाला. खरखरीत, वेडावाकडा, मध्येच अडखळणारा. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन मिनिटं गेली असती तर वाचले नसते. तिला बाहेर जायला सांगायची हिंमत कोणी केली नाही. ती खाटेशेजारी जमिनीवर बसली. नानांनी डोळे किलकिले केले, तिला ओळखलं की नाही कळलं नाही, पण तिचा हात मुठीत धरला आणि सोडला नाही. छताला खाटेच्या बरोबर वर एक बारीक काळा कॅमेरा होता.

फोन वाजला. योगराज.

"चारू, कुठे आहेस तू? हॉलमध्ये नाहीस म्हणे. किती वेळ फोन लावतोय."

"नानांपाशी आहे. त्यांचा हात धरून बसलेय."

"अगं, मी आत्ता त्यांच्याकडेच बघतोय," तो म्हणाला. "तिथे कोणी नाहीये. नाना एकटेच आहेत. शांत झोपलेत."

तिने वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. नानांची मूठ तिच्या बोटांवर आवळत होती, सैल पडत होती, पुन्हा आवळत होती.

"अहो," ती म्हणाली, "ते बंद करा, आणि या. मिळेल त्या विमानाने निघा. आज नाना आहेत."